डबल बेल

२९ जुलै. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरचा एक व्यापारी आमचं सीएनसी यंत्र बघायला येणार होता, म्हणून मी पदर खोचून ते पुसायला घेतलं होतं. विकायची म्हैस आणि विकायचं यंत्र, दोन्ही धुऊन उभी करावीत. खालच्या ट्रेमधला धातूचा कीस काढला, हत्यार थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या टाकीतला बुळबुळीत गाळ उपसला, काचेवरचे तेलाचे ओघळ डिझेलच्या बोळ्याने घालवले आणि शेवटी बटणांच्या पाटीशी आले. तिथे हात थांबला. यंत्र सुरू करायच्या हिरव्या बटणावर दोन टिकल्या चिकटवलेल्या होत्या आणि थांबवायच्या लाल बटणावर एक. मरून, मखमली, चांगल्या मटाराएवढ्या. नखाने खरवडून पाहिल्या. निघेनात.

त्या टिकल्या आमच्या थोरल्या भावोजींच्या. आणि भावोजींइतका शिस्तीने चुकणारा माणूस रत्नागिरी तालुक्यात दुसरा झालेला नाही. बाकीचे लोक घाईत चुकतात, आळसाने चुकतात. भावोजी वेळापत्रकानुसार चुकतात. ते माझ्या यजमानांचे मोठे भाऊ. उभी हयात एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. घरातून चार माणसं देवळात निघाली तरी ते दारात उभे राहून मुंडकी मोजतात आणि कोणी राहिलं नाही याची खात्री पटल्याशिवाय उंबरा सोडू देत नाहीत. गणपती विसर्जनाला मूर्ती उचलली की आरतीच्या ताटावर दोन टोले देतात. त्याशिवाय गणपती हलत नाही. कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर पुढची सीट रिकामी असली तरी मागे डाव्या बाजूला बसतात, आणि गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बस्स!" करत पत्र्यावर थापा मारतात. माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला त्यांच्या तळहाताच्या मापाचा पोचा आहे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी आधी नवरीकडे न बघता मागे वळून पाहिलं, म्हणे कोणी चढायचं राहिलंय का. हे आमच्या मोठ्या जाऊबाई सांगतात. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. अक्कांनी आजवर पुष्कळ गोष्टी अशा हसत सांगितल्या आहेत, ज्या सांगताना दुसरी बाई रडली असती.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल आणि नारळ दिला. भावोजींनी स्वतःहून एक गोष्ट आणली, ती म्हणजे तिकिटांना भोकं पाडायचा जुना पंच. तिकिटं छापणारी यंत्रं आल्यावर तो कोणालाच नको होता. हा पंच त्यांच्या खिशात कायम असतो. जेवायला वाढायला उशीर झाला की तो ताटावर टकटक वाजतो. "पुढे सरका" हे एकच वाक्य ते निरनिराळ्या सुरांत असं बोलतात, की बारशापासून सांत्वनापर्यंत कुठेही चालून जातं.

पण एक गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही, ती मला अक्कांकडून कळली. भावोजींना मुळात कंडक्टर व्हायचंच नव्हतं. त्यांना ड्रायव्हर व्हायचं होतं. तरुणपणी अर्जही केला होता, गाडी चालवायची परीक्षा पासही झाले होते. पुढे डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्याठिपक्यांची चित्रं पुढे ठेवून आकडा विचारला, तेव्हा भावोजींना त्यात आकडा दिसलाच नाही. त्यांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. आमच्याकडे कोकमाचे रातांबे काढायला त्यांना कोणी झाडाखाली फिरकू देत नाही, कारण ते मन लावून हिरवे रातांबे काढून टोपली भरतात. तर ड्रायव्हर व्हायचं राहिलं आणि कंडक्टरची जागा मिळाली. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याला डबल बेल देऊन गाडी सोडण्यात काढली. स्टिअरिंगला हात नाही.

आता यंत्राकडे येते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. यजमान बोटीवर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यामुळे वर्कशॉप मी बघते. मच्छीमार होड्यांचे बुश कातायची कामं येतात, पंपांची येतात. धातू कातायचा एक जुना लेथ आहे, तो हाताने चालतो. त्याचा टर्नर दर आषाढात लावणीला गावी जातो आणि भात रुजल्याशिवाय परत येत नाही. दुसरं हे सीएनसी. त्याला कामाचा प्रोग्रॅम लिहून दिला की हत्यार आपोआप पुढेमागे फिरतं आणि हवा तो आकार कातून देतं. ते चालवणारा मुलगा एप्रिलमध्ये चाकणला गेला. तिथे पगार जास्त, शिवाय मॉल आहे. यंत्रावर मी प्लास्टिक टाकलं. माझा हिशेब साधा होता. माणसाशिवाय यंत्र म्हणजे जागा अडवणारं लोखंड. विकायचं.

भावोजी रोज संध्याकाळी फेरी मारायला येत. प्लास्टिककडे बघून म्हणाले, "अगो, गाडी उभी ठेवलीस तर टायर बसतात."

"ह्याला टायर नाहीत, भावोजी. आणि चालवणारा कुठून आणू?"

"मी शिकतो."

मला वाटलं ते पुढे काही बोलतील. ते निघून गेले. यजमानांनी बोटीवरून कळवलं, "दादाला नाही म्हणू नकोस, आणि यंत्राला हातही लावू देऊ नकोस." समुद्रावरून असे सल्ले देणं सोपं असतं.

आमच्याच वसाहतीत सीएनसीचे प्राथमिक धडे देणारा एक वर्ग आहे. शिकवणारी मॅडम कोल्हापूरची, वय पंचविशीचं, आवाज मैदानी. वर्गात सगळी आयटीआयची पोरं, आणि पहिल्या बाकावर खाकी शर्ट घातलेले भावोजी. पहिल्याच दिवशी मॅडम आत आल्यावर त्यांनी विचारलं, "सगळे चढले काय?" त्यानंतर हजेरी तेच घेऊ लागले.

मी एकदा त्यांचा डबा द्यायला गेले आणि दारात थांबून ऐकत राहिले. फळ्यावर प्रोग्रॅमच्या ओळी होत्या. मॅडम सांगत होत्या, "जी झिरो झिरो म्हणजे रॅपिड. हत्यार हवेतनं जोरात जातंय, काय कापत न्हाई."

"विनाथांबा," भावोजी म्हणाले.

"बरं, विनाथांबा. जी झिरो वन म्हणजे दिलेल्या वेगानं, कापत कापत सरळ."

"साधी गाडी. तिकिटं काढत काढत."

"आजोबा, जी झिरो टू आणि थ्री म्हणजे गोलाई."

"घाट. उजवं वळण आणि डावं वळण. पुढे."

"जी झिरो फोर, तिथंच थोडा वेळ थांबायचं."

"पालीचा थांबा. चहापाण्यासाठी."

"जी ट्वेंटी एट, हत्यार परत मूळ जागी. म्हणजे?"

"डेपो!" हे पोरांनी एका सुरात सांगितलं. मॅडमनी खडू ठेवला. म्हणाल्या, "आजोबा, माझी अख्खी बॅच तुम्ही आगारात नेऊन सोडलीसा." पण पोरांना परीक्षेत हेच आठवलं, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं. यंत्रात आडव्या मापाचा आकडा व्यासाचा लिहितात, हत्यार मात्र त्याच्या निम्मंच सरकतं. हे कोडं त्या पोरांना आठवडाभर सुटत नव्हतं. भावोजींनी ते एका वाक्यात मिटवलं, "रिटर्न तिकीट. आकडा जाऊनयेऊनचा, गाडी जाते अर्धीच." आकड्यापुढे टिंब द्यायला विसरलं तर यंत्र मिलिमीटरऐवजी त्याचा हजारावा भाग, मायक्रॉन, धरून बसतं, यावर त्यांनी सबंध वर्गाला सुट्ट्या पैशांचं महत्त्व सांगणारं व्याख्यान दिलं. मॅडमनी फक्त एकदा त्यांना अडवलं. "आजोबा, ते विनाथांबा जपून हं. आंबा घाटातनं गाडी सरळ रेषेत न्ह्यायची न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." भावोजी दुखावले. घाटातून आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? तर एका कोल्हापूरकरणीने!

वर्ग संपला आणि ते आमच्या यंत्रापुढे उभे राहिले. आधी त्यांनी त्यावर मार्गफलक लावला. जुन्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, "आगार – बुश – आगार". आणीबाणीचं मोठं लाल बटण असतं ना, त्याच्या वर लिहिलं, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग". मग खरी अडचण समोर आली. सुरू करायचं बटण आणि थांबवायचं बटण शेजारीशेजारी, एकाच मापाची, एकाच घडणीची. एक हिरवं, एक लाल. भावोजी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला त्या ठिपक्यांच्या चित्रांची गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती, मला वाटलं चष्मा बदलायला हवा. दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः आल्या, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, थांबवायच्या बटणावर एक टिकली लावली आणि सुरू करायच्या बटणावर दोन. "एक बेल थांबा, दोन बेल चला," त्या म्हणाल्या. "आता अंधारातसुद्धा चुकायचे नाहीत." आणि जाताना मला हळूच ती ड्रायव्हरकीची गोष्ट सांगून गेल्या.

हे कळल्यावर मला भावोजींना यंत्रापासून लांब ठेवणं अवघड झालं, ही गैरसोय मी नाकारत नाही. पण वर्कशॉप भावनांवर चालत नाही, ते वेळेवर दिलेल्या कामावर चालतं. मी सरळ सांगितलं, "भावोजी, मिरकरवाड्याच्या सलीमभाईंचं काम आलंय. होडीच्या पंख्याच्या दांड्याला गनमेटलचे बुश हवेत. मासेमारीची बंदी उठायच्या आत द्यायचे. तुम्ही ते केलेत तर यंत्र राहील. नाही झालं तर जाईल, आणि मग मी दुसरं घेणार नाही."

"म्हणजे ही माझी शेवटची गाडी," ते म्हणाले.

"पहिली," मी म्हटलं. दुरुस्ती करायची म्हणून केली. त्यांचा चेहरा मात्र उगीचच उजळला.

बुश म्हणजे आतून पोकळ नळकांडं. बाहेरून कातायचं आणि मग लांब हत्यार पोटात घालून आतलं भोक मापात आणायचं. भावोजींनी प्रोग्रॅम लिहिला, मॅडमना दाखवायला मात्र नेला नाही. घाटाचा अपमान अजून ताजा होता. आधी काहीच न लावता यंत्र नुसतंच फिरवून बघितलं. रिकाम्या रस्त्यावर गाडी सुरेख धावली. मग खरा तुकडा लावला. सलीमभाई मुद्दाम बघायला आले होते, त्यांना स्टूल दिलं, "लेडीज सीट आहे, पण बसा" म्हणून. दार बंद केलं, हात आत नाही ना बघितलं, पंच पत्र्यावर दोनदा वाजवून स्वतःच स्वतःला डबल बेल दिली आणि दोन टिकल्यांवर बोट दाबलं.

मला मान्य केलं पाहिजे, काम देखणं चाललं होतं. एकेक ओळ झाली की यंत्र थांबायचं, भावोजी पुढची ओळ मोठ्याने वाचायचे, मग बटण. बाहेरचं माप आलं. हत्यार पोटात शिरलं, हळूहळू आतवर गेलं, भोक मापात आलं. सलीमभाई म्हणाले, "भाभी, हा माणूस तर बोट चालवेल." भावोजींनी समाधानाने श्वास सोडला, ओळीओळीला थांबायचा खटका बंद केला आणि म्हणाले, "झालं. उतारू उतरले. आता रिकामी गाडी डेपोला." आणि बटण दाबलं.

हत्यार अजून बुशाच्या पोटात होतं. ते ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने आधी सरळ बाहेर यायला हवं होतं. भावोजींनी परतीसाठी एकच ओळ लिहिली होती. डेपो. यंत्र हुकमाचं ताबेदार. ते बुशाच्या भिंतीतून तिरकं डेपोला निघालं. जो आवाज झाला तो समोरच्या गाळ्यातले लोक अजून काढून दाखवतात. हत्यार मोडलं, बुश चेपला, हत्यारं धरणारी चकती जागची हलली. भावोजींनी एक टिकली दाबली, पण तोवर गाडी दरीत गेली होती.

मग भावोजींनी टोपी काढली आणि म्हणाले, "पंचनामा होईपर्यंत कोणी कशाला हात लावू नका." सलीमभाई चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "भाभी, माणूस मला आवडला. पण माझा बुश?"

कोल्हापूरहून कारागीर आणून मी चकती जागेवर बसवून घेतली. यंत्राला गिऱ्हाईक आहे का ते त्यालाच विचारलं आणि त्याच्याच ओळखीचा व्यापारी ठरला. भावोजी मात्र त्या दिवसापासून आले नाहीत. फोन केला तर अक्का म्हणाल्या, "ते निलंबित आहेत."

"कोणी केलं निलंबित?"

"त्यांनीच. अपघात झाला की करतात म्हणे."

त्यामुळे २९ तारखेला यंत्र मी एकटी पुसत होते. टिकल्या निघत नव्हत्या. पंच तिथेच पाटीवर पडला होता, अपघातानंतर त्यांनी तो जमा केल्यासारखा ठेवला होता. व्यापाऱ्याला टिकल्या लावलेलं यंत्र दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून, आणि फक्त म्हणूनच, मी तिन्हीसांजेला भावोजींच्या घरी गेले.

भावोजी पडवीत खुर्चीवर ताठ बसले होते, एसटी स्टँडवर चुकलेल्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. अक्का फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मी विचारलं, "अक्का, मशीनवरच्या टिकल्या कशाने निघतील?"

"खोबरेल लाव," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "पण त्यांच्यासमोर नको गो विचारूस."

"विचारू दे," भावोजी समोर बघत म्हणाले. "निलंबित माणसाच्या गाडीचं काय करायचं, ते खातं ठरवतं."

"भावोजी, कसलं खातं? खातं म्हणजे मी."

"मग चौकशी लाव. दोषी ठरलो तर घरी बसेन, त्याचं काय नाय. पण चौकशी नाय, निकाल नाय, नुसता माणूस बसवून ठेवलायस, हे नियमात बसत नाय."

"मी बसवलंय? तुम्हीच तर…"

"लाव गो बाय काय ती चौकशी!" अक्का आठळी ताटात आपटून म्हणाल्या. "दिवसभर इथे बसतात, नि मी आत-बाहेर केलं की विचारतात, तिकीट काढलंस काय. मला घर सोडून जायची पाळी आलीय."

मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. म्हटलं, पटकन उरकून टाकू. मी स्टुलावर बसले. "उभे राहा," मी म्हटलं. भावोजी तात्काळ उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली.

"नाव सांगू?"

"नाव मला ठाऊक आहे. अपघात कशामुळे झाला?"

"गाडीत बिघाड नव्हता. मॅडमचा दोष नाय. तिने घाटाचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. रस्ता चांगला होता."

"मग?"

"जाताना मी सगळे थांबे लिहिले. येताना एकच ओळ लिहिली."

"का?"

अक्कांचा हात थांबला. बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत भावोजी तिच्याकडे बघत राहिले.

"अगो," ते म्हणाले, "शेवटचा उतारू उतरला की आम्ही कंडक्टर लोक मागच्या सीटवर बसून हिशेब जुळवायचो. खाली मान. तिथून गाडी डेपोत कशी जाते, ते मी आख्ख्या नोकरीत कधी बघितलं नाय. मला वाटायचं, रिकामी गाडी आपोआपच जाते." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाने पुसला. "गाडी रिकामी असली तरी ड्रायव्हर पुढेच बघत असतो. हे मला त्या दिवशी कळलं. आवाज झाला तेव्हा. एवढ्यासाठी मला नापास करायचं असेल तर कर. पण रंगांवरून करू नको."

मी कामाशी काम ठेवणारी बाई आहे. मला असल्या प्रसंगी काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी निकाल देऊन टाकला.

"आरोप सिद्ध. सक्त ताकीद. उद्या सकाळी सात वाजता कामावर रुजू व्हायचं."

"ताकीद लेखी?"

"तोंडी."

"तोंडी मुख्यालयाला चालत नाय."

"मुख्यालय तुमच्यासमोर स्टुलावर बसलंय, आणि त्याला भात लावायचाय."

"नि तो व्यापारी?"

"तो नऊला येणार आहे. तोपर्यंत परतीचे थांबे लिहा."

भावोजी खाली बसले. मग बोटं मोजत पुटपुटायला लागले, "आधी भिंतीपासून जरासं सुटायचं. मग सरळ बाहेर. पूर्ण बाहेर. मग डेपो." परत पहिल्यापासून. अक्कांनी मला खोबरेलाची बाटली आणून दिली आणि आठळ्यांचं ताट घेऊन आत गेल्या. बाटली मी घरी आणली आणि डोक्याला लावली.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला वर्कशॉपवर पोचले तर शटर उघडं होतं. भावोजी इस्त्रीच्या खाकीत, नवीन तुकडा लावून, नवं हत्यार बसवून उभे होते. प्रोग्रॅमची ओळन् ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. परतीला तीन थांबे होते. वाटेत मॅडमच्या घरावरून जाऊन तिला उठवून दाखवूनही आले होते, ती म्हणे डोळे चोळत म्हणाली, "आता न्ह्या घाटातनं." दार बंद झालं. भावोजी पाटीपुढे उभे राहिले, काचेतून थेट हत्याराकडे नजर लावली, आणि दोन टिकल्यांवर बोट ठेवलं.

एवढ्यात व्यापारी आला. घ्यायचं असलं की माणसं वेळेआधी येतात. दारातूनच म्हणाला, "बघू काय ओ मशीन?"

"चढू नका," भावोजी मान न वळवता म्हणाले. "गाडी सुटतेय."

पण गाडी सुटली नाही. बोट बटणावर होतं, ते दाबलं जात नव्हतं. मी वाट बघितली. व्यापाऱ्यानेही बघितली. मला वाटलं, घाबरले. त्या आवाजानंतर कोणीही घाबरेल. मी पुढे होऊन काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. तिथे भीती नव्हती. ते नुसते थांबले होते. पुढे बघत, मागून काहीतरी येईल म्हणून कान देऊन.

पंच अजून पाटीवरच होता, मी आदल्या दिवशी पुसून ठेवला होता तिथे. त्यांनी तो उचलला नव्हता. मागच्या वेळेसारखी स्वतःची स्वतःला बेल दिली नव्हती. कशी देतील? ड्रायव्हर बेल देत नाही. ड्रायव्हर बेलची वाट बघतो.

मी पंच उचलला. थंड होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. आधी दार नीट लागलंय का बघितलं, आत कोणाचा हात नाही, पान्हा राहिलेला नाही, सगळं बघितलं. मग व्यापाऱ्याला म्हटलं, "तुम्ही मागच्या गाडीने या," आणि यंत्राच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं.

टण टण.

भावोजींनी मागे वळून बघितलं नाही. ड्रायव्हर बघत नाहीत.